महालाचा उंबरठा

मागील पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या टेबलावर एक भलामोठा नकाशा अंथरला गेला. नवीन धर्मगुरुनिवासाचा तो आराखडा होता. गोंदिया जिल्ह्यातील ज्या लहानशा धर्मग्रामात आम्ही सेवा करतो, तेथील जुने घर मातीच्या भिंतींचे व देशी कौलांचे आहे. भातशेतीच्या या मुलुखात पाऊस मनमुराद पडतो, आणि त्यातला काही वाटा दरवर्षी आमच्या निजण्याच्या खोलीलाही मिळतो. काही दात्यांनी उदार हाताने देणग्या पाठविल्या. मग आम्हीही इंजिनियरसाहेबांना सांगून टाकले, की घर बांधायचेच तर नीट बांधू. त्यांनी ते फारच नीट रेखाटले. वर गच्ची, पुढे दोन गोल खांबांवर पेललेला पोर्च, चकचकीत लाद्यांचा दिवाणखाना, त्यामागे कचेरी, आणि वरच्या मजल्यावर आमच्या खोल्या.

खरे सांगावयाचे तर तो नकाशा आम्हांला फार आवडला. रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही तो भाविकांना दाखविला. तरुण मंडळींनी कौतुक केले. कोणीतरी विनोदाने म्हणाले, "फादरचा महालच होणार!" सगळे हसले, आम्हीही हसलो. आमचे वृद्ध धर्मशिक्षक मात्र नकाशावर बराच वेळ बोट फिरवीत उभे राहिले. अवघे गाव त्यांना मास्तर म्हणते. शेवटी ते म्हणाले, "फादर, घर छान हाये. पर आमी चपला कोठी काढाच्या?"

आम्ही काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. पण हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. कारण महाल हा आमच्या आवडीचा विषय आहे. कळत्या वयापासून आम्ही जुने राजवाडे पाहत आलो, त्यांविषयी वाचीत आलो. खांब किती, मजले किती, कमान कोणत्या धाटणीची, हे सर्व आम्ही विचारले. त्या दाराशी येणाऱ्या माणसाने चपला कुठे काढल्या असतील, हा प्रश्न मात्र इतक्या वर्षांत आम्हांला एकदाही सुचला नव्हता.

या वेडाची सुरुवात वसईच्या किल्ल्यात झाली. आमचे बालपण वसईत गेले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, आणि पुढे दोनशे वर्षे उत्तरेच्या कप्तानाचा कारभार तेथूनच चालला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. शाळेला सुटी लागली की आम्ही मुले त्या पडक्या वाड्यांत शिरत असू. छप्पर कधीच नाहीसे झालेले, भिंतींतून वडाची मुळे उतरलेली, उंच खिडक्यांच्या चौकटींत नुसते आभाळ. कप्तान कोण होता, त्याचे नाव काय, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये मात्र संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला माणसांचा मेळा जमे, आणि तो आजही जमतो. महाल व चर्च, दोन्ही एकाच दगडाचे व एकाच काळचे, दोन्ही सारखेच पडलेले. तरी एकात माणसे परत येतात आणि दुसऱ्यात येत नाहीत. बालपणी आम्हांला याचे कोडे पडले नाही, आज पडते.

पुढे सेमिनरीच्या निमित्ताने नागपूरला आलो, आणि सुटीच्या दिवशी रामटेकच्या बाजूला भटकण्याचा छंद लागला. हा वाकाटकांचा मुलूख. रामटेकजवळचे नगरधन म्हणजेच त्यांची राजधानी नंदिवर्धन, असे विद्वान मानतात. २०१५ नंतर तेथे झालेल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. चंद्रगुप्त दुसरा याची ही कन्या. पतीच्या निधनानंतर मुलांच्या वतीने तिने राज्य सांभाळले. जवळच मनसर येथे विटांच्या प्रचंड बांधकामांचे अवशेष उघडे झाले असून त्यांतील एक वास्तू राजवाड्याची असावी, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. तेथे गेलो, तर दिसतात फक्त विटांचे थर, पायऱ्या आणि जोती. वरचे सारे काळाने नेले.

आपल्या देशात प्राचीन देवळे व लेणी पुष्कळ उरली, पण प्राचीन महाल जवळजवळ उरलेच नाहीत. याचे कारण साधे आहे. दगड देवासाठी आणि लाकूड-वीट माणसासाठी, मग तो माणूस राजा का असेना, अशी त्या काळची रीत होती. लाकूड जळते, कुजते, वाळवी खाते. विटा गावकरी घरांसाठी उचलून नेतात. पाटण्याजवळ कुम्रहार येथे १९१२ पासून स्पूनरसाहेबांनी खोदकाम केले. तेव्हा मौर्यकाळातील ऐंशी खांबांच्या दालनाच्या खुणा मिळाल्या. खांब घोटीव वालुकाश्माचे, पण वरचा डोलारा लाकडाचा. तो आगीत गेला. इसवी सन ४०० च्या सुमारास फाहियान हा चिनी यात्रेकरू भारतात आला होता. पाटलिपुत्रात अशोकाचा राजवाडा पाहून त्याने लिहून ठेवले, की हा माणसांनी बांधलेला नव्हे. राजाने भुतांकरवी तो बांधवून घेतला.

वाकाटकांचे महाल कसे दिसत, हे जाणायचे असेल तर अजिंठ्याला जावे. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. त्या काळच्या लेण्यांतील भिंतींवर राजवाडे रंगविलेले आहेत. त्यांचे सडपातळ लाकडी खांब, सज्जे, मंडप, मंडपात बसलेले राजा-राणी, कडेला दासी आणि दाराशी याचक, हे सारे त्या चित्रांत आहे. पहिल्या लेण्यात महाजनक राजाची कथा आहे. सर्वसंगपरित्याग करून तो राजा घोड्यावरून नगराच्या वेशीबाहेर पडताना चित्रकाराने दाखविला आहे. राजवैभव इतक्या बारकाईने रंगविणाऱ्या त्या हाताला अखेरीस दारातून बाहेर पडणारा राजा रंगवावासा वाटला, हे आम्ही अनेकदा चित्रासमोर उभे राहूनही ध्यानी घेतले नव्हते.

गोंदियात आल्यावर गोंड राजांचे वैभव पाहण्याची इच्छा झाली. एकदा बालाघाटमार्गे मंडल्यास गेलो व तेथून नर्मदाकाठच्या रामनगरला. गढा-मंडल्याचा राजा हिरदेशहा याने आपली राजधानी तेथे नेली होती. त्याचा मोतीमहाल आजही नदीकडे तोंड करून उभा आहे. लांबी सुमारे ६५ मीटर, रुंदी सुमारे ६१. चारी बाजूंना दालने, मधोमध प्रशस्त अंगण व त्यात हौद. भिंती जाड, दारे ठेंगणी, नक्षीकाम बेताचे. १६६७ सालच्या संस्कृत शिलालेखात गढ्याच्या राजांची वंशावळ कोरलेली आहे. आम्ही तेथील एका म्हाताऱ्याला विचारले, "बाबा, एवढे दगड कसे वाहून आणले असतील?" तो अगदी सहजपणे म्हणाला, की राजाला मंत्र येत होता; मंत्राच्या बळावर दगड आपोआप उडत आले.

त्या वेळी आम्ही मनातल्या मनात हसलो. आज तसे हसवत नाही. पाटलिपुत्राचा महाल भुतांनी बांधला आणि रामनगरचा मंत्राने! दोहोंमध्ये कित्येक शतकांचे अंतर, पण बोलणे एकच. राजाची वंशावळ दगडात कोरली जाते. तो दगड ज्यांनी खांद्यावरून वाहिला त्यांचे नाव कोठेच लिहिले जात नाही. मग चार पिढ्यांनी लोक म्हणू लागतात, की भुतांनीच बांधले असावे. मजूर हा महालाच्या दारातून आत जाणारा पहिला माणूस. काम संपले की त्याच दाराच्या बाहेर कायमचा राहणाराही तोच.

नागपूरकर भोसल्यांच्या वाड्याची गोष्ट तर ओळखीची. दुसऱ्या रघूजीच्या अमदानीत तो वैभवाला पोहोचला. काळ्या दगडाची बांधणी आणि लाकडावर अप्रतिम कोरीव काम. मराठी वाड्यांची रचना आमच्या वाचकांना साधारण परिचित असेल. प्रथम नगारखान्याखालचा महादरवाजा, त्यात माणसापुरती लहान दिंडी, तिच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग पहिला चौक, सदर, कचेरी. त्यापुढे सुरूदार खांबांचा दिवाणखाना, आणि सर्वांत आत माजघर व जनानखाना. एकेका चौकागणिक आत येणाऱ्यांची संख्या घटत जाते. गाऱ्हाणे घेऊन आलेला कुणबी पहिल्या चौकातच थांबतो. दिंडी मुद्दाम बुटकी ठेवीत, त्यामुळे आत शिरणाऱ्यास मान लवविल्यावाचून गत्यंतर नसे. शत्रू असो वा याचक, दोघांचेही डोके प्रथम खाली आले पाहिजे, ही त्या सुतारगवंड्यांना मिळालेली आज्ञा.

१८५४ साली ब्रिटिशांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८६४ साली वाडा आगीत भस्मसात झाला. नगारखान्याचे प्रवेशद्वार तेवढे राहिले. सेमिनरीत असताना आम्ही शहर बसने जात असू, तेव्हा कंडक्टर 'महाल, महाल' असा पुकारा करी आणि माणसे भराभरा उतरत. महाल गेला, त्याचे नाव वस्तीला राहिले.

पवित्र शास्त्राने तर हा विषय आमच्यासमोर केव्हाच ठेवला आहे. वाचताना आम्हीच भरभर पुढे जातो. राजांच्या पहिल्या ग्रंथात शलमोनाच्या बांधकामांचा तपशील येतो. परमेश्वराचे मंदिर साठ हात लांब व वीस हात रुंद. ते बांधावयास सात वर्षे लागली. लगेच पुढे सांगितले आहे, की राजाला स्वतःचे घर बांधावयास तेरा वर्षे लागली. त्यातील लबानोनवनगृह नावाचे एकटे दालनच शंभर हात लांब व पन्नास हात रुंद होते. ग्रंथकार टीका करीत नाही, नुसते आकडे शेजारी-शेजारी ठेवतो. रचनाही तीच: आधी खांबांचा मंडप, मग न्यायासनाचा मंडप, आणि त्यापलीकडे आतल्या चौकात राजाचे राहते घर. त्या बांधकामांसाठी तीस हजार माणसे वेठीस धरलेली होती. शलमोनाच्या पश्चात लोकांनी त्याच्या पुत्राला विनविले, की हे जू हलके कर. त्याने ऐकले नाही. लोकांनी वेठीवरच्या अधिकाऱ्याला दगडांनी ठार केले आणि राज्य दुभंगले. पुढे यहोयाकीम राजाने मजुरांची मजुरी बुडवून गंधसरूच्या तक्त्यांचे व हिंगुळी रंगाचे प्रशस्त घर बांधले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्याला बजावले, की गंधसरूवरून राजा ठरत नाही; तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला, तेच त्याचे राजेपण होते.

हे सारे राजांविषयी झाले. आपल्या ख्रिस्तमंडळाचे काय? जुन्या गोव्यात गेलेल्या वाचकांनी मांडवीकाठची व्हाइसरॉयची कमान पाहिली असेल; ती १५९९ सालची. तेथून पुढे सेंट कायतान चर्चच्या आवारात कोरीव काळ्या दगडाचे एक एकटे दार उभे आहे. आदिलशाही महालाचे हे दार. पोर्तुगीज व्हाइसरॉय पुढे त्याच महालात राहिले. आता महाल नाही, दार आहे, आणि ते दार कशातच उघडत नाही. याशिवाय सी कथीड्रललगत आदिलशाही अमदानीतला आणखी एक महाल होता. आरंभी गव्हर्नर त्यात राहत. १५६० पासून तेथे इन्क्विझिशनचे ठाणे बसले. मधली काही वर्षे सोडली, तर १८१२ पर्यंत ते चालू होते. त्या दाराच्या पायऱ्या चढताना गोव्यातील साध्या माणसांच्या जिवाचे काय होत असेल, याचा विचार धर्मगुरू म्हणून आम्हांला टाळता येत नाही. राजाचा महाल धर्मसेवकांच्या हाती आला, एवढ्याने तो धर्माचे घर झाला नाही. उलट धर्मसेवकच महालासारखे झाले. आज त्या इमारतीचा मागमूसही उरलेला नाही, आणि याचे आम्हांला मुळीच दुःख वाटत नाही.

इंग्रज आले आणि महालाचा बंगला झाला. नागपुरातले राज्यपालांचे भवन हे मूळचे मध्य प्रांताच्या इंग्रज प्रमुखांचे निवासस्थान. भोवती विस्तीर्ण बाग, दारापर्यंत वळत जाणारा रस्ता, सभोवार व्हरांडा आणि पुढे पोर्च. पोर्चची उपज मोठी अर्थपूर्ण आहे. तो पायी येणाऱ्यासाठी नसतोच. घोडागाडी थेट दाराशी यावी आणि साहेबाच्या डोक्यावर पावसाचा थेंबही पडू नये, म्हणून तो काढलेला असतो. पायी येणाऱ्याने मागल्या बाजूस जावे, हे कोणी लिहून ठेवीत नाही. पोर्चच ते सांगतो. पुढे हीच धाटणी कलेक्टरांच्या बंगल्यांनी उचलली, जमीनदारांच्या नव्या वाड्यांनी उचलली, आणि आमच्या मिशन-बंगल्यांनीही काही ठिकाणी उचलली. आमच्या टेबलावरच्या नकाशात हाच पोर्च होता. आमच्याकडे घोडागाडी नाही. एक जुनी मोटारसायकल आहे.

मास्तरांच्या प्रश्नाने आम्ही इतके अस्वस्थ का झालो, हे येथवर आम्ही सांगितलेले नाही. आता सांगणे भाग आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील निवास दुमजली, ऐसपैस होता. भोवती आवारभिंत, लोखंडी फाटक, आवारात कुत्रा. फाटकाला रात्री कुलूप असे. घंटेचे बटण होते, पण ते आतल्या दाराजवळ. श्रावणातली एक रात्र होती. पाऊस कोसळत होता. आम्ही वरच्या मजल्यावर निजलो होतो. पहाटे मिस्सेसाठी खाली उतरून फाटक उघडले, तो बाहेर भिंतीच्या आडोशाला एक मनुष्य ओलाचिंब होऊन उकिडवा बसलेला. शेजारी सायकल. त्याची आई अत्यवस्थ होती. तिला पवित्र तेल लाभावे, ख्रिस्तप्रसाद मिळावा, म्हणून तो रात्री सुमारे दहा मैल सायकल हाकीत आला होता. त्याने हाका मारल्या, फाटक वाजविले. कुत्रा भुंकला, पण तो रोजच भुंके. मग फार आरडाओरडा करणे बरे नव्हे, फादरची झोपमोड होईल, असे वाटून तो सकाळ होण्याची वाट पाहत बसला. आम्ही तसेच निघालो. पोहोचलो तेव्हा म्हातारीचे डोळे मिटलेले होते. तो मनुष्य आम्हांला एका शब्दाने बोलला नाही. उलट आमचीच समजूत घालीत म्हणाला, "फादर, तुम्ही तरी काय करणार? घर मोठं आहे, आवाज पोचला नाही."

त्या माउलीला देवाने आपल्या कुशीत घेतले असेल, याविषयी आम्हांला शंका नाही. त्याच्या दाराला कुलूप नाही. पण आमच्या दाराला होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही घंटेचे बटण फाटकाबाहेर बसवून घेतले आणि प्रश्न सुटला असे मानले. वस्तुतः चूक बटणाची नव्हतीच. ज्या घरापुढे माणसाला हाक मारण्याचाही संकोच वाटतो, त्या घराच्या बांधणीतच काहीतरी चुकलेले असते. तेथे राहता राहता आम्हीही त्या घरासारखे झालो होतो. नवा आराखडा आवडला तेव्हा हे आम्ही विसरलो होतो. मास्तरांना ती हकिगत ठाऊकही नाही. तरी त्यांनी बोट नेमके तेथेच ठेवले.

कोणी म्हणेल, की गोंदिया जिल्ह्यात पाहण्याजोगा महाल कोठे आहे? खरेच आहे. कामठा, आमगाव, चिचगड अशा जमीनदाऱ्या येथे नांदल्या. १९५१ साली मालकी हक्क रद्द झाले आणि त्यांचा काळ संपला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडचा पडका किल्ला आहे. तेथला राजा कोणाच्या स्मरणात नाही. पण महाशिवरात्रीला महादेवाच्या दर्शनाला हजारो माणसे डोंगर चढतात, आणि त्याच गडावर ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या दर्ग्यावरही लोक श्रद्धेने माथा टेकतात. जवळच नवेगाव बांध आहे. डोंगरांच्या कुशीतला हा अफाट तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे लोकपरंपरा सांगते. कोहळी हे तलाव बांधणारे व ऊस-धान पिकविणारे लोक. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमिनीचा हक्क द्यावा, असे या मुलखातील गोंड राजांचे धोरण होते. त्यामुळे भंडारा-गोंदियाच्या बाजूला गावोगाव तलाव झाले. दगडमाती येथेही वाहिली गेली, घाम येथेही गळला. पण कोलू पाटलाला लोक विसरले नाहीत. तलावाकाठी कोलासुर देव म्हणून त्याची पूजा होते, आणि हा तलाव भुतांनी बांधला असे येथे कोणी म्हणत नाही. मूर्तिपूजा आमच्या श्रद्धेत बसत नाही, हे वेगळे सांगावयास नको. पण ज्याने पाणी दिले त्याचे नाव तीन शतके टिकले, एवढे आम्हांला दिसते. पाण्याला उंबरठा नसतो. ज्याचे शेत खाली आहे त्याच्याकडे ते आधी जाते.

महाल वाईटच असतात, असे आम्हांला म्हणायचे नाही. सुरूदार खांबावरची कमळे कोरणाऱ्या सुताराचा हात देवानेच घडविला, आणि अजिंठ्याचा चित्रकारही त्याच्याच देणगीने धनी झाला. सौंदर्य पाहावे, जतन करावे, मुलांना दाखवावे. वसईच्या किल्ल्यात मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांना आम्ही एवढेच सुचवू, की कमानी दाखविताना हेही विचारा, की येथे कोणाला आत येऊ देत असतील आणि कोण बाहेर उभे राहत असेल? शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणसाने लाजरावर कोणताही जुलूम केल्याचे लिहिलेले नाही. लाजर दाराशी पडून होता आणि ते दार जाडजूड होते, इतकेच.

आणखी एक महाल आम्हां धर्मगुरूंनी विसरू नये. योहानकृत शुभवर्तमानात प्रमुख याजकाच्या वाड्याचे वर्णन आहे. तेथे अंगण होते, दार होते, आणि दाराशी राखण करणारी मुलगी होती. प्रभू येशूला बांधून आत नेले गेले. पेत्र दाराबाहेर उभा राहिला, आणि ओळखीच्या माणसाने रदबदली केली तेव्हा कोठे आत आला. हा महाल हेरोदाचा नव्हे, कैसराचाही नव्हे. तो याजकाचा होता. त्याच दाराशी पेत्राला प्रथम नाकबूल व्हावे लागले. ज्या प्रभूचा जन्म दार नसलेल्या गोठ्यात झाला, त्याच्या सेवकांनी याजकाच्या त्या अंगणाची आठवण घर बांधताना ठेवली पाहिजे.

आम्ही इंजिनियरसाहेबांना पुन्हा बोलाविले. मास्तरांनाही शेजारी बसविले. साहेब प्रथम नाराज झाले. पोर्चमुळे इमारतीला शोभा येते, असे त्यांचे म्हणणे. दात्यांपैकी एकांनाही ते पटले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट कळविले. त्यांचा मान राखून आम्ही आमची अडचण त्यांना पत्राने लिहिली. आता पोर्च गेला आहे. गच्चीऐवजी कौले राहतील. मात्र ती गळू नयेत, एवढा आग्रह आम्ही धरला आहे, कारण ओल्या अंथरुणात निजण्यात काही पुण्य आहे असे आम्हांला वाटत नाही. आमची खोली खाली, रस्त्याच्या बाजूला येईल. पुढे घराच्या लांबीइतकी एक छपरी असेल. या बाजूला ओसरीला छपरी म्हणतात. वसईकर वाचकांनी आपली ओटी आठवावी. तिला बसण्यापुरता कट्टा, एका कोपऱ्यात पाण्याचा माठ. ती जमिनीपासून एकच पायरी उंच राहील. फाटकाला कुलूप नसेल.

नवा नकाशा मास्तरांनी पूर्वीसारखाच बोट फिरवीत पाहिला. छपरीपाशी बोट थांबले. ते म्हणाले, "येथी काढाच्या का चपला?"

आम्ही म्हटले, "काढल्या तरी चालेल, नाही काढल्या तरी चालेल. पण मास्तर, रात्री कोणी आले, तर हाक मोठ्याने मारायला सांगा."